पिकोग्रॅममधला डीएनए मोजताना: पिकोग्रीन चाचणी नेमकी कुठे बिघडते

एकाच नमुन्याचं रीडिंग सोमवारी १०० पिकोग्रॅम आणि बुधवारी ३४० येत असेल, तर दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो. नमुना सगळे जिवापाड जपतात. बर्फ, टोपणावर नाव, तारीख, सगळं व्यवस्थित असतं. ब्लँक (डीएनए नसलेला तुलनेचा वेल) मात्र उरलेल्या बफरचा, स्टँडर्ड (माहीत प्रमाणाचा डीएनए) गेल्या आठवड्याचं आणि डाय (डीएनएला चिकटून चमकणारा पिकोग्रीन) घाईघाईत वितळवलेला. नॅनोग्रॅमच्या पातळीवर हे खपून जातं. पिकोग्रॅमला उतरलात की अंतिम आकडा नमुन्यापेक्षा ब्लँकच जास्त ठरवतो.

खालचा क्रम ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) काळ्या प्लेटसाठी आहे. त्यात १२ नमुने, ७ स्टँडर्ड, ८ ब्लँक आणि त्यांचे कंट्रोल बसतात. एका वेलमध्ये एकूण २०० मायक्रोलिटर असतं, अर्धं नमुना किंवा स्टँडर्ड आणि अर्धं डाय.

## ही पद्धत तुमच्या नमुन्याला लागू आहे का

पिकोग्रीन दुहेरी धाग्याच्या डीएनएला चिकटला की चमकतो, मोकळा असताना जवळजवळ अंधार. म्हणूनच तो इतका संवेदनशील आहे आणि म्हणूनच त्याच्या मर्यादाही ठरलेल्या आहेत.

साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० नॅनोमीटरला १ शोषण म्हणजे ५० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. तुमचा नमुना ०.१ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर असेल तर शोषण ०.००२ येईल, म्हणजे निव्वळ गोंगाट. त्यात आरएनए, सुटे न्यूक्लिओटाइड आणि फिनॉलचा अंश हे सगळे तिथे डीएनए म्हणूनच मोजले जातात. सूक्ष्म नमुन्यांच्या बऱ्याच किटमध्ये कॅरियर आरएनए (थोडासा डीएनए हरवू नये म्हणून सोबतीला) घातलेला असतो. तसा नमुना २६० ला मोजून आलेला आकडा म्हणजे किट बनवणाऱ्याने घातलेल्या आरएनएचं माप.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पुढील नमुन्यांत पिकोग्रीन खोटं कमी दाखवतो:

- चेलेक्स (नमुन्यासोबत उकळायचं रेझिन) किंवा नुसतं उकळून काढलेला डीएनए, कारण ९५ अंशांवर धागे सुटे होतात
- बायसल्फाइट (मेथिलेशन तपासण्यासाठीची रासायनिक प्रक्रिया) केलेला डीएनए, तोही एकेरी धाग्याचा
- फार लहान तुकडे झालेला डीएनए

चेलेक्सची चूक सर्वांत जास्त होते. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं) उत्तम चालतो, पिकोग्रीन जवळजवळ शून्य दाखवतो, आणि लोक किटला दोष देतात. अशा नमुन्याला एकेरी धाग्यासाठीचा डाय घ्या किंवा क्यूपीसीआरने (प्रती वाढताना मोजणाऱ्या पीसीआरने) मोजा.

## तयारी: आदल्या दिवशी

टेबलावर हे हवं: काळी ९६ वेलची प्लेट, कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या १.५ मिलिलिटर ट्यूब, फिल्टर टिप, न्यूक्लिएज नसलेलं बाटलीबंद पाणी, २०एक्स (वीसपट तीव्र) टीई म्हणजे ट्रिस-ईडीटीए बफर, स्टँडर्डसाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा लॅम्ब्डा (एका विषाणूचा) डीएनए, डाय, अॅल्युमिनियम फॉइल, पावडर नसलेले हातमोजे.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळी ते उशिरा, कमी दाबाने आणि कधी गढूळ येतं. प्रयोगशाळेचा शुद्धीकरण संच त्या दिवशी चालू दिसतो, पण त्याच्या फिल्टरवर ताण आलेला असतो. पिकोग्रॅमच्या कामाला संचाचं पाणी वापरूच नका. बाटलीबंद पाण्याची नवी बाटली फोडा, ५० मिलिलिटरच्या नव्या ट्यूबमध्ये काढा आणि उरलेलं इतर कामांना द्या.

जागा निवडताना पीसीआरनंतरचं टेबल टाळा. अनेक महाविद्यालयांत जेल, पीसीआर आणि एक्स्ट्रॅक्शन (नमुन्यातून डीएनए काढणं) एकाच लांब ओट्यावर चालतं. तिथे बसावंच लागलं तर ओटा पुसून, नव्या टिपांचा डबा उघडून, सकाळी सर्वांत आधी हे काम उरका. ज्या पिपेटने काल अॅम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवलेला डीएनए) भरला तो आज स्टँडर्डसाठी नको.

प्लेट रीडर दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या संस्थेत असेल, म्हणजे तुम्ही पाषाण रस्त्यावर आणि यंत्र गणेशखिंडीला, तर भरलेली प्लेट घेऊन जाऊ नका. पातळ केलेले नमुने आणि स्टँडर्ड ट्यूबमध्येच बर्फावर न्या आणि डाय तिथे पोहोचल्यावर बनवा. दुचाकीच्या डिकीत हिंदकळलेल्या प्लेटमध्ये शेजारच्या वेलचे थेंब एकमेकांत गेलेले असतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

## टप्पा १: डाय पूर्ण वितळवा

डाय डीएमएसओ या द्रावकात असतो आणि डीएमएसओ साधारण १८.५ अंशांना गोठतं. फ्रिजमध्ये तो घट्टच असणार. एप्रिल-मेमध्ये टेबलावर ठेवला की दहा मिनिटांत पातळ होतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला प्रयोगशाळेत तेवढी ऊबच नसते. कडेने पातळ, मधे गोठलेला अशा अवस्थेत वरचं द्रव उचललं की डायचं प्रमाण चुकतं आणि त्या दिवशीची सगळी प्लेट फुकट जाते.

ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून मुठीत पाच मिनिटं धरा किंवा ३० अंशांच्या ब्लॉकवर ठेवा. मग व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवून मिसळा), थोडा स्पिन द्या.

सावध: जुलै-ऑगस्टमध्ये थंड ट्यूब लगेच उघडू नका. बाहेर घाम सुटतो, झाकण उघडताच दमट हवा आत शिरते आणि डीएमएसओ पाणी ओढून घेतं. आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, बाहेरून पुसा, मगच उघडा.

तपासा: ट्यूब प्रकाशाकडे तिरकी धरली की तळाशी खडा दिसता कामा नये.

## टप्पा २: एकच टीई, सगळ्यांसाठी

२ मिलिलिटर २०एक्स टीई आणि ३८ मिलिलिटर पाणी, एकूण ४० मिलिलिटर १एक्स टीई बनवा. ब्लँक, स्टँडर्ड, नमुने, डाय, सगळ्यांना हाच बफर वापरायचा. मधेच संपला म्हणून दुसऱ्याच्या बाटलीतून २ मिलिलिटर घेतला, तर ब्लँक वजा करण्याला काही अर्थ उरत नाही.

नुसत्या पाण्यात पातळ करायचा मोह टाळा. इतक्या कमी प्रमाणातला डीएनए पाण्यात असताना प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून हरवतो.

## टप्पा ३: स्टँडर्डची साखळी

मधलं स्टँडर्ड: १० मायक्रोलिटर लॅम्ब्डा आणि ४९० मायक्रोलिटर टीई. हे झालं २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. यातून पुढची साखळी अशी, सगळे आकडे मायक्रोलिटरमध्ये:

- स-१: मधलं स्टँडर्ड २५ + टीई ९७५, वेलमध्ये ५००० पिकोग्रॅम
- स-२: स-१ मधून ४०० + टीई ६००, वेलमध्ये २००० पिकोग्रॅम
- स-३: स-२ मधून ५०० + टीई ५००, वेलमध्ये १००० पिकोग्रॅम
- स-४: स-३ मधून ५०० + टीई ५००, वेलमध्ये ५०० पिकोग्रॅम
- स-५: स-४ मधून ४०० + टीई ६००, वेलमध्ये २०० पिकोग्रॅम
- स-६: स-५ मधून ५०० + टीई ५००, वेलमध्ये १०० पिकोग्रॅम
- स-७: स-६ मधून ५०० + टीई ५००, वेलमध्ये ५० पिकोग्रॅम

‘वेलमध्ये’ हा आकडा प्रत्येक वेलला १०० मायक्रोलिटर घातल्यावरचा. ५० पिकोग्रॅमच्या खाली उतरण्याचा हट्ट प्लेट रीडरवर करू नये. क्युव्हेटच्या चांगल्या फ्लुरोमीटरवर २५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत जाता येतं. प्लेटवर साधारण त्याच्या दहापटीवरच थांबावं लागतं, आणि २०० मायक्रोलिटरमध्ये तेच ५० पिकोग्रॅम होतात.

प्रत्येक पायरीला नवी टिप. टीई आधी भरा, मग डीएनए. टिप द्रवात दोनदा-तीनदा भिजवून घ्या. सोडल्यावर टिप धुवा, व्हॉर्टेक्स, स्पिन, मगच पुढची पायरी. साखळीत एक ट्यूब नीट मिसळली नाही की तिच्या खालच्या सगळ्या चुकतात, आणि आलेख तरीही सरळच दिसतो.

याच मधल्या स्टँडर्डमधून वेगळं स्पाइकचं (नमुन्यात मुद्दाम घालून परत किती मिळतो ते बघायच्या डीएनएचं) द्रावण करा: ५ मायक्रोलिटर आणि टीई ९९५. हे १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. साखळीतलं स-३ वापरू नका, ते पुरणार नाही. शिवाय वेगळं केलेलं द्रावण साखळीतली चूकही उघड करतं.

सावध: स-१ ते स-७ त्याच दिवशी वापरून टाकून द्यायचे. ‘आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवलेलं चालतं’ हे मधल्या स्टँडर्डबद्दलही कुणी सांगितलं तर ऐकू नका. मूळ लॅम्ब्डा फ्रिजमध्ये ठेवा, गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा करू नका. मूळ बाटलीवर शंका असेल तर २६० नॅनोमीटरला मोजा, १ सेंटिमीटरच्या मार्गावर शोषण २ च्या आसपास यायला हवं.

लॅम्ब्डा हा ४८,५०२ बेसजोड्यांचा लांबलचक धागा आहे. तुमचा नमुना रक्तद्रवातला मोकळा डीएनए असेल, जिथे बरेच तुकडे १६७ बेसजोड्यांच्या आसपास असतात, तर लॅम्ब्डावर मोजलेला आकडा थोडा सरकलेला असतो. तुलना आपापसांतच करायची असेल तर हरकत नाही. निरपेक्ष आकडा हवा असेल तर तशाच लांबीच्या डीएनएचं स्टँडर्ड घ्या.

## टप्पा ४: नमुना पातळ करणं

एका नमुन्याच्या दोन स्वतंत्र ट्यूब करा: प्रत्येकी ६ मायक्रोलिटर नमुना आणि २९४ मायक्रोलिटर टीई. म्हणजे ५० पट. प्रत्येक ट्यूबमधून दोन वेल, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. एका वेलमध्ये मूळ नमुन्याचे २ मायक्रोलिटर आले.

दोन ट्यूब कशाला, एकातूनच चार वेल का नाही? कारण चूक ६ मायक्रोलिटर उचलताना होते, १०० सोडताना नाही. एकाच ट्यूबमधले चार वेल एकमेकांशी सुंदर जुळतात आणि चौघेही सारखेच चुकलेले असतात. दोन ट्यूबमधला फरक १५ टक्क्यांहून जास्त असेल तर तो नमुना पुन्हा पातळ करा.

नमुना २० मायक्रोलिटरच असेल तर त्यातले १२ इथे खर्च होतात, हे आधीच हिशेबात धरा. त्याहून कमी असेल तर एकच ट्यूब करा, पण अहवालात ते लिहा.

एक्स्ट्रॅक्शन ब्लँक विसरू नका. नमुन्याऐवजी पाणी घेऊन पूर्ण किट चालवा आणि निघालेलं द्रव अगदी नमुन्यासारखंच दोन ट्यूब, चार वेल असं मोजा. किटचे स्तंभ, बफर आणि कॅरियर आरएनए यांनी किती चमक आणली, ते यावरूनच कळतं.

## टप्पा ५: डायचं द्रावण

एकूण वेल असे: स्टँडर्डचे २१ (सात, प्रत्येकी तीन वेल), ब्लँक ८, नमुन्यांचे ४८, स्पाइकचे १२, एक्स्ट्रॅक्शन ब्लँकचे ४. झाले ९३. प्रत्येकी १०० मायक्रोलिटर म्हणजे ९.३ मिलिलिटर, तळाशी उरणारं धरून ११ मिलिलिटर करा: ५५ मायक्रोलिटर डाय आणि १०.९४५ मिलिलिटर टीई.

डीएमएसओ जाडसर असतं, टिप सावकाश भरू द्या. टिपेच्या बाहेर लागलेला थेंब ट्यूबच्या कडेला निपटा, नाहीतर तोच प्रमाण बिघडवतो.

प्लास्टिकची ट्यूबच वापरा. डाय काचेला चिकटतो आणि काचेच्या बीकरमधलं द्रावण वापर सुरू होण्याआधीच अशक्त झालेलं असतं. फॉइल लगेच गुंडाळा. हे द्रावण काही तासांतच वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

## टप्पा ६: प्लेट भरणं

आधी सगळे नमुने, स्टँडर्ड आणि ब्लँक, प्रत्येकी १०० मायक्रोलिटर. ब्लँक म्हणजे नुसता टीई, आठ वेल, आणि ते प्लेटभर विखुरलेले. आठही पहिल्या उभ्या रांगेत लावले तर कडेच्या वेलचा परिणाम सगळ्या ब्लँकवर पडतो आणि तोच मग सगळ्या नमुन्यांवर लादला जातो.

स्पाइकचा वेल: नमुन्याच्या पहिल्या ट्यूबमधून ५० मायक्रोलिटर आणि स्पाइकच्या द्रावणाचे ५०. म्हणजे नमुन्याचा अर्धा भाग आणि वर ५०० पिकोग्रॅम.

मग मल्टीचॅनल पिपेटने डाय, प्रत्येक वेलला १०० मायक्रोलिटर. टिप द्रवाला लागली तर ती बदला. खालीवर तीनदा मिसळा, शेवटचा दाब पूर्ण देऊ नका. तो दिला की बुडबुडा होतो.

तपासा: प्लेट तिरप्या उजेडात बघा. बुडबुडा दिसला तर निर्जंतुक सुईने फोडा किंवा प्लेट थोडी स्पिन करा. टिश्यूने टिपू नका, त्याचा तंतू वेलमध्ये पडला की प्रकाश विखुरतो आणि ब्लँक उगाच वर जातो. झाकणावर हायलायटर किंवा मार्करने काही लिहू नका.

## टप्पा ७: वाचन

फॉइलखाली, खोलीच्या तापमानाला पाच मिनिटं. मग लगेच वाचा. उत्तेजन ४८० नॅनोमीटर, उत्सर्जन ५२०. फिल्टरचं यंत्र असेल तर ४८५ आणि ५३५ च्या आसपासची जोडी चालते.

वर वाचणारं यंत्र असेल तर पूर्ण काळी प्लेट. तळाशी वाचणाऱ्या यंत्राला पारदर्शक तळाची काळी प्लेट लागते. पांढरी प्लेट नको, तिचा पाया (डीएनए नसतानाचं रीडिंग) फार उंच असतो.

गेन (यंत्र सिग्नल किती वाढवून वाचतं ते) स-१ च्या वेलवर लावा, तो वेल यंत्राच्या कमाल मर्यादेच्या थोडा खाली यायला हवा. गेन आपोआप ठरू दिला तर प्रत्येक प्लेटला वेगळा पडतो आणि सोमवार-बुधवारची तुलना संपते. आकडा टिपून ठेवा आणि पुढच्या प्लेटना तोच द्या.

तापल्यावर चमक कमी होते. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीतून आणलेली प्लेट आणि तासभर चालून तापलेलं यंत्र यांतला फरक पडतो, म्हणून प्लेट आणि यंत्र दोन्ही स्थिरावू द्या. एकाच प्लेटचं पुन्हा पुन्हा वाचन करू नका. उजेडाने डाय मावळतो आणि तिसरं वाचन पहिल्यापेक्षा कमी येतं.

## टप्पा ८: हिशेब

समजा ब्लँकची सरासरी ११२, प्रमाण विचलन ६. स-१ चं रीडिंग ३८१२, म्हणजे ब्लँक वजा जाता ३७००. उतार ०.७४ प्रति पिकोग्रॅम. नमुन्याचा वेल २६०, वजा जाता १४८, म्हणजे २०० पिकोग्रॅम. वेलमध्ये मूळ नमुन्याचे २ मायक्रोलिटर होते, म्हणून १०० पिकोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. एक्स्ट्रॅक्शनमधून ३० मायक्रोलिटर निघालं असेल तर त्यात ३ नॅनोग्रॅम. मानवी पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, त्या हिशेबाने ४५० पेशींइतका. पेशी मोजून घेतल्या असतील तर या आकड्याशी ताडून बघा.

आता मर्यादा. ब्लँकच्या विचलनाची तिप्पट १८, भागिले ०.७४, म्हणजे २४ पिकोग्रॅम: याच्यावर ‘आहे’ म्हणता येतं. दहापट ६०, म्हणजे ८१ पिकोग्रॅम: याच्यावरच ‘किती आहे’ म्हणता येतं. म्हणजे या प्लेटवर स-७ चे ५० पिकोग्रॅम दिसतात, पण मोजता येत नाहीत. दर प्लेटला ही मर्यादा नव्याने काढायची असते. ब्लँक आठ ठेवायचे ते याचसाठी, तीन वेलच्या विचलनावर भरवसा ठेवता येत नाही.

आर-स्क्वेअर ०.९९९ आलं म्हणून खूश होऊ नका. ते सगळं वजन स-१ आणि स-२ ला देतं. प्रत्येक स्टँडर्ड उलट हिशेबाने परत काढा. स-५ चे २०० ऐवजी १४० येत असतील, तर वरचा आलेख कितीही सरळ असला तरी तुमचे नमुने तिथेच चुकणार आहेत. खालच्या टोकाला जास्त वजन देऊन रेषा पुन्हा बसवा. तरीही जमत नसेल तर स्टँडर्डची साखळी चुकली आहे.

स्पाइक आता. वरच्या नमुन्यासाठी अपेक्षा १०० अधिक ५०० म्हणजे ६०० पिकोग्रॅम. आले ४२०, तर घातलेल्या ५०० पैकी ३२० मिळाले, म्हणजे ६४ टक्के. ८० ते १२० च्या बाहेर गेलं की त्या नमुन्याचा आकडा अहवालात टाकू नका. एक्स्ट्रॅक्शनमधून उरलेलं फिनॉल, एसडीएस, ग्वानिडिन किंवा नीट न उडालेला इथेनॉल चमक खात असतो. नमुना आणखी पातळ करा. तेवढा पुरणार नसेल तर चुंबकीय मण्यांनी धुऊन पुन्हा मोजा.

## रीडिंग विचित्र आलं तर

सगळे ब्लँक उंच: टीई किंवा डायच्या द्रावणात डीएनए गेला आहे. नव्या बाटलीचा टीई करा, नुसत्या टीईचा आणि टीई-डायचा वेल वेगवेगळा वाचा. नुसता टीईच चमकत असेल तर प्लेट किंवा पाणी.

एखादाच ब्लँक उंच: बुडबुडा, तंतू किंवा शेजारच्या वेलमधला शिंतोडा. सरासरीत घेऊ नका, पण काढलात हे लिहून ठेवा. दोनपेक्षा जास्त काढावे लागले तर प्लेट पुन्हा लावा.

एक्स्ट्रॅक्शन ब्लँक साध्या ब्लँकपेक्षा बराच वर: तो आकडा सरळ वजा करू नका. आधी कारण शोधा. कॅरियर आरएनए असेल तर थोडं आरनेज ए (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून पुन्हा वाचा. चमक उतरली तर आरएनए, न उतरली तर किटमध्ये डीएनए शिरला आहे आणि त्या बॅचचे सगळे नमुने संशयित.

पीसीआर चालतो, पिकोग्रीन शून्य: एक्स्ट्रॅक्शनमध्ये उकळण्याची पायरी होती का ते बघा.

स्टँडर्ड ठीक, नमुन्यांच्या दोन ट्यूब जुळत नाहीत: ६ मायक्रोलिटर उचलणारा पिपेट तपासा. तराजूवर दहा वेळा पाणी सोडून वजन घ्या.

मोजणीच्या मर्यादेखालचा नमुना तक्त्यात ० असा भरू नका. ‘८१ पिकोग्रॅम प्रति वेलपेक्षा कमी’ असं लिहा. उरलेला डाय आणि प्लेटमधलं द्रव सिंकमध्ये ओतायचं नाही; डाय न्यूक्लिइक अॅसिडला चिकटणारा आहे, म्हणून सक्रिय कोळशातून गाळून मग संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या डब्यात.